नॉर्बचे बारमाही दिवे

नॉर्ब कुबियाकला सगळी गल्ली वेडा म्हणायची तेव्हा मीही म्हणत होते. आता साळसूदपणाचा आव कशाला आणू? मे महिना होता, लोकांनी अंगणात शेगड्या काढल्या होत्या, सॉसेज भाजण्याचा वास सुटला होता, आणि हा माणूस पोर्चच्या कठड्याला नाताळच्या दिव्यांच्या माळा बांधत होता. मी माझ्या पायरीवरून ओरडले, "काय रे नॉर्ब, यंदा येशू दोनदा जन्माला येणार आहे का?"

"आला की तुलाच पहिलं बोलवीन," तो म्हणाला, आणि पुढचा बल्ब फिरवून बसवू लागला.

मी लिओना. तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि धीर कमी. नॉर्बचं घर माझ्यापासून चार घरं सोडून, त्याच बाजूला. चाळीस वर्षांचा शेजार. आमची आयरिस स्ट्रीट बफेलो शहराच्या पूर्वेला. दुसऱ्या महायुद्धानंतर कुणा कंत्राटदाराने कारखान्याच्या कामगारांसाठी ही घरं बांधली, आणि त्याच्या डोक्यात नकाशा एकच होता. तेच तीन पायऱ्यांचं पोर्च, तोच कठडा, तेच डाव्या हाताचं दार. मागच्या गल्लीतही तेच. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला महिनाभर मी पायऱ्या चढण्याआधी नंबर वाचायचे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॉर्बची बायको डेल्फीन दूध आणायला कोपऱ्यावर गेली आणि परत येताना स्टॅन ओर्लोव्स्कीच्या घरात शिरली. दार उघडंच होतं. तिने कोट खुंटीला लावला, त्यांच्या टोपलीतले बटाटे ओट्यावर घेतले आणि सगळेच्या सगळे सोलून टाकले. स्टॅन आला. भला माणूस. म्हणाला, "वा डेल्फीन, आज माझं नशीब उघडलं म्हणायचं." नॉर्ब तिला न्यायला आला तेव्हा तीच त्याच्यावर उखडली. "होतास कुठे इतका वेळ? हात भरून आले माझे!"

आम्ही सगळे हसलो. नॉर्बही हसला. मग माझ्या गॅरेजमागे जाऊन भिंतीला डोकं लावून रडला. मी तिथे कचऱ्याचा डबा ठेवायला गेले होते म्हणून पाहिलं, नाहीतर कुणाला कळलंही नसतं.

डॉक्टरांनी तिच्या विसरण्याला नाव दिलं. नाव देऊन काय होतं! त्यांची मुलगी शेरिल दूर दक्षिणेला, शार्लटला राहते. ती धावत आली, चांगल्या चांगल्या संस्थांचे रंगीत कागद घेऊन. बागा, गाणी, चोवीस तास नर्स. पोरगी वाईट नाही. आईच्या काळजीनेच बोलत होती. पण नॉर्बने कागदांना हात लावला नाही.

"ज्या दिवशी तुझी आई स्वतःच्या पायांनी स्वतःच्या दाराशी येणार नाही," तो म्हणाला, "त्या दिवशी मी सही करतो. तू म्हणशील तिथे. तोवर तिला या घरातून कुणी हलवायचं नाही."

"बाबा, शब्द देताय ना?"

"दिला."

मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसले होते, म्हणून साक्षीदारही झाले. आणि दुसऱ्या दिवशी या गृहस्थाने तळघरातून नाताळच्या माळा काढल्या. लाल, हिरवे, निळे, पिवळे, लिंबाएवढे जुने काचेचे बल्ब. दुपारी चारच्या आत दिवे लागायचे ते डेल्फीन झोपेपर्यंत. मे, जून, जुलै. चार जुलैच्या फटाक्यांतही नॉर्बचा कठडा आपला लुकलुकतोय. नवीन आलेली माणसं गाडी हळू करून बघायची आणि हसायची. हसू देत. आख्ख्या गल्लीत ते एकच घर वेगळं दिसत होतं, आणि ते कुणासाठी वेगळं दिसायचं होतं हे आम्हाला ठाऊक होतं.

माझ्याकडे काम होतं चार वाजताच्या कॉफीचं. डेल्फीन रोज एकटी चालत यायची, पावणेपाचला एकटी परत जायची. नॉर्बचा हट्टच तसा. बरोबर कुणी जायचं नाही. तिला जमतंय हे त्याला रोज बघायचं असायचं, खिडकीचा पडदा बोटभर सरकवून. मी मुद्दाम पडद्याकडे हात हलवायचे. तो पटकन बाजूला व्हायचा, चोर कुठला!

डेल्फीन माझ्या पायरीवर उभी राहायची, गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली मुठीत धरायची आणि म्हणायची, "ते बघ गं, आमचं." माझं नाव ती कधी कधी विसरायची. एकदा मला स्वतःची बहीण समजून जुन्या भांडणावरून झापलंही होतं. पण "ते बघ आमचं" कधी चुकलं नाही. दोन वर्षं, सात महिने.

आता या माणसाबद्दल थोडं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नॉर्बने एकेचाळीस वर्षं गावाच्या रस्तेखात्यात बर्फ ढकलणारा ट्रक चालवला. आमच्याकडे शेजारच्या मोठ्या सरोवरावरून बर्फ येतो तो पाहुण्यासारखा दार वाजवून येत नाही. आकाश निळं असतं, तुम्ही दोरीवरचे कपडे काढायला मागे वळता, आणि समोरचं घर नाहीसं झालेलं असतं. अशा हवेत बाकीचे दार लावून बसायचे आणि नॉर्ब घराबाहेर पडायचा. एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या वादळात तर त्याचा ट्रकच अडकला, तेव्हा तो खाली उतरला आणि गाड्यांत गोठत बसलेल्या पाच जणांना एका दोरीला धरून चालत चर्चच्या तळघरात घेऊन गेला. त्यातली एक बाई अजून त्याला ईस्टरला गोड पाव पाठवते. "माझ्या रस्त्यावर माणूस हरवला नाही," हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की तो 'माझ्या' म्हणाला की मी पुढचं पुरं करायचे.

निवृत्त व्हायच्या आधी काही वर्षं चौकातले सिग्नल बदलले. जुने बल्ब काढून एलईडी आले. पहिल्याच हिवाळ्यात बर्फ येऊन सिग्नलच्या तोंडावर थापला गेला, आणि दिवा आत चालू असून बाहेर काही दिसेना. जुना बल्ब तापायचा, बर्फ आपोआप वितळून पडायचा. हे नवे दिवे गार. मग नॉर्बला आणि दुसऱ्या एकाला लांब काठीला ब्रश बांधून दिला. चौकाचौकात जाऊन सिग्नल पुसत बसा! संध्याकाळी येऊन तो माझ्या टेबलावर बसून चिडायचा. "लिओना, साहेबांनी असे दिवे लावलेत की त्यांना स्वतःचं तोंडसुद्धा धुता येत नाही!" मी कॉफी नाकातून येईपर्यंत हसले होते. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी घड्याळाबरोबर तो ब्रशही रिबीन बांधून त्याला भेट दिला. त्याने तो गॅरेजमध्ये टांगून ठेवला.

हे सगळं त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मागच्या ऑक्टोबरात डेल्फीनने कठड्यावरचा बल्ब मुठीत धरला. मला दाखवायला आली, बोटांवर फोड. माझं डोकंच फिरलं. तशीच नॉर्बकडे गेले. "अरे, अडीच वर्षं रोज जळतायत त्या माळा! वायरचा रंग उडालाय. उद्या घराला आग लागली तर? फेकून दे ही अडगळ. सगळं जग एलईडी लावतंय."

"ती यांना ओळखते गं."

"तेच रंग आणते, तेच आकार. देवाला तरी फरक कळेल का?"

मीच आणले. हार्डवेअरच्या दुकानात तीनदा जाऊन, डबे उघडायला लावून, लाल, हिरवा, निळा, पिवळा, अगदी क्रमाने. नॉर्बने पेटवले आणि एक बल्ब तळहातावर घेतला. बराच वेळ धरून उभा होता.

"गार आहे," तो म्हणाला. "जरासुद्धा ऊब नाही."

"मग बरंच आहे की! आता खुशाल धरू दे तिला."

त्या संध्याकाळी डेल्फीन माझ्या पायरीवर उभी राहिली. मी श्वास रोखून बघत होते. "ते बघ आमचं," ती म्हणाली आणि सरळ गेली. मी त्या पडद्याकडे बघून अशी मान उडवली, अशी उडवली, जसं काही जगातलं शहाणपण माझ्याकडेच ठेव म्हणून ठेवलंय. करायला गेले एक आणि झालं काय! पण तेव्हा काही झालं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर सगळ्या गल्लीने दिवे लावले. सगळ्यांचे एलईडी, सगळे गार.

डिसेंबरचा दुसरा मंगळवार. चार वाजता थोडं ऊन होतं. डेल्फीन आली. मी खसखशीचा रोल कापला. ती छान होती त्या दिवशी, माझं नाव आठवलं, शेरिलच्या लहानपणीचा एक किस्साही सांगितला. सव्वाचारला सरोवरावरून बर्फाचा पट्टा आला. ओला, जड बर्फ, वाऱ्याबरोबर आडवा. अर्ध्या तासात कठड्यांवर, खिडक्यांवर लिंपल्यासारखा बसला.

पावणेपाचला ती उठली. "नॉर्ब वाट बघत असेल."

"थांब गं जरा, कमी होऊ दे."

"नॉर्ब वाट बघत असेल," ती म्हणाली आणि किल्ली मुठीत धरली. तिला अडवलं की ती घाबरायची, ओरडायची. मी नॉर्बला फोन केला. लाइन व्यस्त. म्हटलं चारच घरं आहेत. दिवे आहेत. तो पडद्याआड आहेच.

मी दार उघडून उभी राहिले. ती पायरीवर थांबली आणि काहीच बोलली नाही. 'ते बघ आमचं' म्हणाली नाही. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मला फक्त एवढंच जाणवलं की बर्फ माझ्या चटईवर येतोय आणि पावलं गोठतायत. ती पहिलं घर ओलांडून दुसऱ्याच्या पुढे गेली, मग पांढऱ्यात मिसळली. मी दार लावून घेतलं. थंडी आत येत होती म्हणून. कारण दुसरं काही नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नॉर्ब. "लिओना, पाठव की तिला आता. आज गप्पा लांबल्या वाटतं!"

"अरे... ती केव्हाच निघाली."

पलीकडे फोन खाली पडल्याचा आवाज आला.

मागाहून कळलं, पावणेपाचला मी फोन लावला तेव्हा तो शेरिलशी बोलत होता. भांडणच ते, रोजचंच. पाठ खिडकीकडे होती. आणि तो तिला सांगत होता की आई आता एवढ्यात येईल बघ, अशा हवेतसुद्धा स्वतःच्या पायांनी येईल, तू फोन ठेवू नकोस, किल्लीचा आवाज तुला ऐकवतो. ते दोघं पंचवीस मिनिटं किल्लीच्या आवाजाची वाट बघत होते.

मी कोट घालून पळाले. त्याच्या घरापुढे आले तर मला स्वतःला ते घर सापडेना, देवाशपथ सांगते. कठडा म्हणजे पांढरी भिंत झाली होती. दिवे चालू होते. मी हाताने बर्फ खरवडला तेव्हा आत एक हिरवा आणि एक निळा दिवा दिसला, शांतपणे जळणारा. शेजारचं घर तसंच. त्याच्या शेजारचं तसंच. आख्खी गल्ली दिवे लावून बसली होती आणि एक दिवा दिसत नव्हता.

पोलीस आले, अग्निशामक दलाची माणसं आली, स्टॅन आला, सगळी गल्ली बाहेर पडली. नॉर्ब नुसता हाका मारत होता. एकेचाळीस वर्षं ज्या हवेत त्याने माणसं हुडकली, त्या हवेत त्याचा आवाज दहा पावलांपलीकडे जात नव्हता.

साडेसातला ती सापडली. मागच्या गल्लीत लुट्झ राहतात. ते थँक्सगिव्हिंग झालं की फ्लोरिडाला जातात आणि दिवे टायमरवर लावून जातात. जुनी माणसं, जुन्याच माळा. लिंबाएवढे काचेचे बल्ब. प्रत्येक बल्बाभोवती बर्फ वितळून वाटीएवढं भोक पडलं होतं, आणि लाल, हिरवा, निळा, पिवळा प्रकाश रस्त्यापर्यंत येत होता. दोन्ही गल्ल्यांत तेवढं एकच घर दिसत होतं.

तेच पोर्च, तोच कठडा, तेच डाव्या हाताचं दार. ती दाराला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. किल्ली दाराच्या कुलपात होती, दोरी तिच्या गळ्यात. एकाच कंत्राटदाराची कुलपं. किल्ली आत गेली होती, फिरत नव्हती. हातमोजा काढून प्रयत्न केलेले दिसत होते. अग्निशामक दलाच्या माणसाने दोरी कापायला चाकू काढला तर नॉर्ब म्हणाला, "थांबा." त्याने कुलपावर तोंड नेलं, श्वासाने ते गरम केलं, बराच वेळ, आणि किल्ली अलगद बाहेर काढली. मग तिच्या मुठीत ठेवून मूठ मिटायचा प्रयत्न करत राहिला. मूठ मिटेना.

मातीला सगळे आले. चर्चच्या हॉलमध्ये हॅम होतं, बटाटा भरून उकडलेले पिएरोगी होते, नॉर्बने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. शेरिल एका कोपऱ्यात म्हणत होती की मी तेव्हा फोन केला नसता तर. मी म्हटलं नाही की मी दार लावलं नसतं तर. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण त्या दिवशी जीभ उचलेना. आमच्या पोलिश लोकांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, वाट चुकून कुणी दारी आलं तर त्याच्यासाठी. यंदा मी ते मांडलं नाही. हातच धजला नाही.

जानेवारीत पुन्हा बर्फ आला. दुपारी खिडकीतून बघते तर नॉर्ब रस्त्यावर उभा. हातात तो काठीचा ब्रश, निवृत्तीची रिबीन अजून दांड्याला. कठड्यावरचा एकेक दिवा पुसत होता. मी कोट चढवून गेले.

"नॉर्ब, आत चल. आता कुणासाठी रे?"

तो थांबला नाही. "मी चौकातले सिग्नल पुसायचो, लिओना," तो म्हणाला. "सहा हिवाळे. या हातांनी. लोकांना माझ्यामुळे लाल-हिरवा दिसायचा. आणि तू आणलेला बल्ब हातावर घेऊन मी म्हणालो की गार आहे. माझ्या तोंडाने म्हणालो. पुढचं सुचलं नाही मला. सगळ्या गावात हे कुणाला सुचायला हवं होतं तर मला!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, पण ते त्याला कोण म्हणणार? मी म्हटलं, "आणले मी. भरीला मी घातलं तुला. आणि मी दार लावून घेतलं, नॉर्ब. ती दुसऱ्या घरापर्यंत गेली आणि मी दार लावलं. गार वारा येत होता."

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. खरं सांगते, द्याव्यात असंच वाटत होतं. त्याने ब्रश खाली टेकवला आणि माझ्याकडे बघितलं, पण मला बघत नव्हता.

"ती चुकली नव्हती गं," तो म्हणाला. "तिने दिवे बरोबर ओळखले. मी तिला तेच तर शिकवलं होतं."

मग पुन्हा पुसू लागला.

तेव्हापासून हा नेम झालाय. शेरिलने त्याला तिकडे बोलावलं, तो गेला नाही. माझ्याकडे कॉफीला येत नाही. बर्फ पडला की पुसतो, थांबला की आत जातो, पुन्हा पडला की पुन्हा पुसतो. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, एक दिवस तिथेच कोसळायचा. बोलून झालं, ओरडून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि पावणेपाचला माझा फोन वाजतो. आजही वाजला.

"लिओना, तुझ्या दारातून दिसतात का बघ."

मी फोन घेऊन दारापाशी जाते, दार सताड उघडते, पायरीवर उभी राहते. बर्फ आत येतो, चटई भिजते, पावलं बधिर होतात. चार घरांपलीकडे लाल, हिरवा, निळा, पिवळा.

"दिसतात, नॉर्ब," मी म्हणते.

"स्पष्ट?"

"स्पष्ट दिसतात."

"बरं," तो म्हणतो. पण फोन ठेवत नाही. पंचवीस मिनिटं ठेवत नाही. आणि तो ठेवत नाही तोवर मी दार लावत नाही.